भरतीचा खर्च कोणाच्या माथी? सुशिक्षितांच्या सरकारी सेवायोजनाच्या निधीचा विचार

प्रश्नाचे स्वरूप

नोकरी शोधणाऱ्यांची नोंद ठेवणे, रिकाम्या जागांची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवणे आणि मालक व उमेदवार यांची गाठ घालून देणे, या तिहेरी कामासाठी शासनाने उभारलेल्या यंत्रणेला सेवायोजन असे म्हटले जाते. महाराष्ट्रात हे काम आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे आणि ‘महास्वयम्’ हे संकेतस्थळ यांच्यामार्फत चालते. या यंत्रणेच्या एका विशिष्ट अंगाचा विचार येथे करावयाचा आहे. अभियंता, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शिक्षक, कृषी पदवीधर अशा, ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून एखाद्या व्यवसायासाठी पात्र ठरलेल्या उमेदवारांना शासनाने जी भरतीसेवा पुरवावी तिचा खर्च पुढील काळात कोणी उचलावा, हा तो प्रश्न होय. त्याची उत्तरे तीन दिशांनी दिली जातात: ही सेवाच बंद करावी, तिचा खर्च उमेदवाराकडून घ्यावा, किंवा तिने मालकांकडून शुल्क घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे. या तिन्ही मतांची तपासणी करून, या सेवेचा पाया सार्वजनिक निधीचाच असला पाहिजे आणि उमेदवाराकडून एक पैसाही घेतला जाता कामा नये, हा पक्ष पुढे मांडला आहे.

हा प्रश्न केवळ मंत्रालयातील लेखाशीर्षांचा नाही, हे वर्धा जिल्ह्यातील केळझरसारख्या गावावरून स्पष्ट होते. सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, या लोकश्रद्धेमुळे ओळखले जाणारे हे सेलू तालुक्यातील गाव बुटीबोरी, सेलडोह, केळझर, सेलू, पवनार, वर्धा अशा ओळीने जाणाऱ्या नागपूर–वर्धा रस्त्यावर वसलेले आहे. एका बाजूला बुटीबोरीची मोठी औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला १९६९ साली सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय, तर अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सेवाग्राम व नागपूर येथील महाविद्यालये, इतके सारे या गावाच्या आवाक्यात आहे. म्हणजे शिक्षण जवळ आहे आणि ज्या संस्थांना शिकलेली माणसे लागतात त्याही जवळ आहेत. तरीही कोणत्या कारखान्यात गुणवत्ता-नियंत्रकाची जागा निघाली किंवा कोणत्या रुग्णालयाला अतिदक्षता विभागासाठी परिचारिका हवी आहे, हे केळझरच्या पदवीधराला बहुधा ओळखीपाळखीतून किंवा नागपूरच्या एखाद्या दलालाकडून कळते. अंतर थोडे असूनही माहितीची वाट लांबची राहते, आणि ती वाट तयार करणे हे सेवायोजनाचे खरे काम आहे.

निधीच्या जबाबदारीचा इतिहास

या सेवेच्या खर्चाची जबाबदारी कशी सरकत गेली, हे पाहिल्याशिवाय आजच्या वादाचे मर्म कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना कामावर लावण्यासाठी १९४५ मध्ये केंद्र सरकारने सेवायोजन कार्यालये उघडली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि १९४८ पासून सर्व नोकरी शोधणाऱ्यांसाठी त्यांची दारे खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून या कार्यालयांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, तेव्हा खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राने उचलावयाचा होता. पुढे १ एप्रिल १९६९ पासून आर्थिक जबाबदारीही राज्यांवर आली. दरम्यान, मोफत सार्वजनिक रोजगारसेवा चालवण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा ८८ क्रमांकाचा करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, आणि त्याच वर्षी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांना कळवणे सक्तीचे करणारा कायदा संसदेने केला. राष्ट्राने वचन द्यायचे आणि ते पाळण्याचा खर्च राज्याने करायचा, अशी ही विभागणी झाली. आज हा खर्च आणखी एक पायरी खाली, थेट उमेदवाराच्या खिशात उतरवला जात आहे, आणि ही तिसरी पायरी कोणत्याही समितीच्या शिफारशीने आलेली नाही. ती भरतीच्या जाहिरातीतील शुल्काच्या रकान्यातून गुपचूप आली आहे.

पहिला पूर्वपक्ष: सेवाच नको

पूर्वपक्ष म्हणजे खंडनासाठी आधी प्रामाणिकपणे मांडलेले प्रतिपक्षाचे मत. पहिला पूर्वपक्ष असा की सेवायोजन कार्यालये कालबाह्य झाली आहेत, तेथे नाव नोंदवून नोकरी लागलेली माणसे दुर्मीळ आहेत, १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘नोकरी डॉट कॉम’पासून पुढे अनेक खाजगी संकेतस्थळे हे काम अधिक वेगाने करतात, केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ उघडले आहे, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी कर्मचारी पोसण्यात अर्थ नाही.

या मतातील तथ्यांश नाकारण्याचे कारण नाही. नोंदणीचे कार्ड काढायचे, ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करायचे आणि ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव वर सरकण्याची वाट पाहत बसायचे, असे या सेवेचे रूप अनेक दशके होते, आणि त्यामुळे तिची पत गेली. तथापि ही पत जाण्याची कारणे सेवेच्या कल्पनेत नव्हती, तिच्या रचनेत होती. १९५९ च्या कायद्याने जागा कळवण्याची सक्ती केली, पण कार्यालयाने सुचवलेला उमेदवार घेण्याचे बंधन मालकावर घातले नाही. हे बंधन नसणे योग्यच होते. परंतु जागा न कळवणाऱ्यास पहिल्या अपराधाला ५०० आणि त्यानंतरच्या प्रत्येक अपराधाला १,००० रुपयांपर्यंतचा दंड ठेवला, आणि ही रक्कम महागाईच्या ओघात इतकी क्षुल्लक झाली की कायदा मोडणे हे पाळण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. पुढे १९९६ मध्ये विश्वेश्वर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती निवड मर्यादित न ठेवता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असे म्हटले. समान संधीच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य होता. मात्र त्यानंतर या कार्यालयांना नवे काम नेमून देण्याची जी जबाबदारी शासनावर आली ती नीट पार पडली नाही. ज्या यंत्रणेचे जुने काम गेले आणि जिला नवे काम दिले गेले नाही, तिची उपयुक्तता मोजून तिला मोडीत काढणे हा तर्कदोष आहे.

खाजगी संकेतस्थळांचा युक्तिवादही पूर्ण नाही. या संकेतस्थळांचे मुख्य उत्पन्न जाहिरात देणाऱ्या मालकांकडून येते. म्हणून ज्या शहरांत मालक पुष्कळ आहेत आणि वारंवार भरती करतात तेथे ती उत्तम चालतात. व्यावसायिकांचा ग्रामीण बाजार मात्र अर्थशास्त्रात ज्याला विरळ बाजार म्हणतात त्या प्रकारचा असतो. विरळ बाजारात जागा थोड्या, विखुरलेल्या आणि विशिष्ट पात्रतेच्या असतात आणि त्यांसाठी योग्य उमेदवारही थोडेच असतात, त्यामुळे एकेक गाठ घालण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या शुल्कापेक्षा जास्त होतो. सेलूच्या एखाद्या लहान रुग्णालयाला वर्षातून एकदा लागणाऱ्या क्ष-किरण तंत्रज्ञासाठी कोणतेही व्यापारी संकेतस्थळ माणूस पाठवून चौकशी करणार नाही. जेथे नफा नाही पण गरज आहे, तेथेच सार्वजनिक सेवेचे प्रयोजन सुरू होते. राष्ट्रीय संकेतस्थळाविषयी इतकेच म्हणता येईल की संकेतस्थळ ही एक नोंदवही आहे. मालकाने कळवलेली जागा खरी आहे का, पगार सांगितला तितकाच आहे का, प्रमाणपत्राची मागणी नियमाला धरून आहे का, हे तपासण्यासाठी जिल्ह्यात फिरणारा माणूस लागतो.

दुसरा पूर्वपक्ष: लाभ घेणाऱ्याने पैसे द्यावेत

दुसरा पूर्वपक्ष अधिक प्रचलित आणि म्हणून अधिक घातक आहे. ज्याला नोकरी हवी त्याने भरतीचा खर्च सोसावा, शुल्क असले म्हणजे केवळ गंभीर उमेदवारच अर्ज करतात, असे तो सांगतो. शासकीय नोकरभरतीत हे तत्त्व प्रत्यक्षात आलेही आहे. २०२० मध्ये राज्याच्या भरतीपरीक्षांचे ‘महापरीक्षा’ संकेतस्थळ बंद झाल्यानंतर आणि पुढे परीक्षा टीसीएस व आयबीपीएस या संस्थांमार्फत घेण्याचे ठरल्यानंतर, २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गासाठी १,००० आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. या पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालत असल्याने अभियंत्यांपासून कृषी पदवीधरांपर्यंत सर्व प्रकारचे उमेदवार या रांगेत होते. ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. प्रत्येकी ९०० रुपये धरले तरी ढोबळ हिशेबाने ही रक्कम ९० कोटींच्या घरात जाते, म्हणजे एका जागेमागे जवळजवळ दोन लाख रुपये उमेदवारांनी मिळून भरले. ज्यांची निवड झाली त्यांच्या पगारातून हा खर्च निघेल; पण ज्यांची झाली नाही, त्या बहुसंख्यांनी शासनाच्या भरतीचा खर्च फुकट सोसला.

एकचक्रानगरीच्या कथेत बकासुराकडे रोज एका घरातून अन्नाचा गाडा आणि एक माणूस जात असे, आणि पाळी ठरलेली असल्यामुळे गावकऱ्यांना ती व्यवस्था रास्तही वाटू लागली होती. परीक्षाशुल्काच्या बाबतीत आज तेच घडले आहे, कारण शुल्क आकारणे ही रीत झाल्याने त्याच्या न्याय्यतेचा प्रश्नच विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारला तर तीन आक्षेप पुढे येतात. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. सेवेचा लाभ उमेदवाराला होतो तसा तो मालकालाही होतो, आणि शासकीय भरतीत मालक स्वतः शासन असते. खाजगी कारखान्याने मुलाखतीला बोलावलेल्या अभियंत्याकडून मुलाखतीचे पैसे घेतले तर ती लुबाडणूक ठरेल. तेच शासनाने केले तर ते शुल्क कसे ठरते? दुसरा आक्षेप संविधानाचा आहे. संविधानाच्या ३२२ व्या अनुच्छेदाने संघ लोकसेवा आयोग व राज्य लोकसेवा आयोग यांचा खर्च अनुक्रमे भारताच्या व राज्याच्या संचित निधीवर भारित केला आहे. भारित खर्च म्हणजे विधिमंडळाच्या वार्षिक मतदानावर अवलंबून नसलेला खर्च. लोकसेवकांची निवड ही राज्याची स्वतःची गरज आहे, म्हणून तिचा खर्च राज्याच्या तिजोरीतून व्हावा, हा त्यामागील विचार आहे. नागरी सेवा परीक्षेला संघ लोकसेवा आयोग १०० रुपये शुल्क घेतो आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना तेही माफ करतो, यातून हाच विचार व्यक्त होतो. तिसरा आक्षेप गांभीर्याच्या युक्तिवादावर आहे. शुल्काने मोजली जाते ती ऐपत. गांभीर्य मोजायचे असेल तर अर्ज करूनही परीक्षेला गैरहजर राहणाऱ्याचे पैसे जप्त करावेत आणि हजर राहणाऱ्याचे परत द्यावेत. हा उपाय काल्पनिक नाही: रेल्वे भरती मंडळांनी २०१८ पासून ५०० रुपये घेऊन संगणकीय परीक्षेला बसणाऱ्यास त्यांतील ४०० रुपये, आणि सवलतीच्या प्रवर्गांकडून २५० रुपये घेऊन ते सगळे, परत देण्याची पद्धत सुरू केली. केळझरच्या शेतमजुराच्या पदवीधर मुलीने वर्षभरात तीन-चार अर्ज भरले तरी तिच्या घरचा काही दिवसांचा मजुरीचा पैसा शुल्कातच जातो. तिच्या गांभीर्याची परीक्षा याहून अधिक घेण्याचे कारण नाही.

तिसरा पूर्वपक्ष: सेवेने स्वतःच्या पायावर उभे राहावे

तिसरे मत सौम्य आणि आकर्षक आहे. उमेदवाराला मोफत ठेवावे, पण मालकांकडून शुल्क घेऊन सेवेने आपला खर्च आपण भागवावा, असे ते म्हणते. वर्धा जिल्ह्यात तर स्वावलंबनाच्या कल्पनेला एक परंपराही आहे, कारण १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाद्वारे शिक्षकांचे वेतन हळूहळू भागवणाऱ्या शिक्षणपद्धतीचा पुरस्कार केला होता. पण या परंपरेचा आधार येथे लागू पडत नाही. ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शिक्षणपद्धतीतील स्वावलंबन उत्पादक श्रमातून यावयाचे होते आणि शाळेत तयार झालेल्या वस्तू राज्याने विकत घ्याव्यात, अशी अपेक्षा त्यामागे होती. सेवायोजन कोणतीही वस्तू तयार करीत नाही. ते ज्याच्यासाठी राबते त्याच्याजवळ अजून मिळकत नसते.

मालकांच्या शुल्कावर चालणाऱ्या सरकारी भरतीसेवेचे काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये मिळते. तेथे ‘प्रोफेशनल अँड एक्झिक्युटिव्ह रिक्रूटमेंट’ ही व्यावसायिक व अधिकारी वर्गासाठीची सरकारी सेवा १९७० च्या दशकात मालकांकडून शुल्क घेऊ लागली, आणि १९८८ मध्ये ती रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या उद्योगसमूहाला विकण्यात आली. जी सेवा शुल्कावर जगते तिचे मोल शुल्काने ठरते, आणि अशा सेवेकडे शासन अखेर विकाऊ मालमत्ता म्हणून पाहू लागते, हा या उदाहरणाचा बोध आहे. शिवाय शुल्कावर जगणारी सेवा सहज खपणाऱ्या उमेदवाराला पुढे करते आणि ज्याला मदतीची अधिक गरज आहे त्याला मागे ठेवते. नागपूरच्या अनुभवी अभियंत्याला नोकरी मिळवून देणे केळझरच्या नवशिक्या पदविकाधारकाला मिळवून देण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडेल.

महाराष्ट्रात याच मताचे एक टोकाचे रूप सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. शासकीय कार्यालयांना अतिकुशल ते अकुशल अशा सर्व श्रेणींचे मनुष्यबळ बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदार संस्थांमार्फत, पुरवण्यासाठी नऊ खाजगी संस्थांची निवड करणारा शासन निर्णय तेव्हा निघाला, आणि राज्यभर झालेल्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: माणसे शोधण्यासाठी सेवाशुल्क देण्याची शासनाची तयारी आहे. जे शुल्क ठेकेदाराला देता येते ते स्वतःच्या सेवेवर खर्च करता येत नाही, असे म्हणण्यास मग आधार उरत नाही.

मंडन: निधीची त्रिस्तरीय रचना

खंडनानंतर स्वपक्षाची स्थापना करणे क्रमप्राप्त आहे. प्रस्तावित रचनेचा पहिला स्तर राज्याच्या संचित निधीचा असावा. प्रत्येक जिल्हा केंद्रातील समुपदेशक, मालकांशी संपर्क ठेवणारे अधिकारी आणि पडताळणी करणारे कर्मचारी यांचे वेतन स्वतंत्र लेखाशीर्षाखाली किमान तीन वर्षांच्या हमीने दिले जावे. योजनांच्या नावांप्रमाणे दरवर्षी बदलणाऱ्या तरतुदीवर कायमचे काम चालत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. प्रशिक्षणार्थ्याच्या विद्यावेतनासाठी पैसा उभा राहू शकतो, तर प्रशिक्षणानंतर त्याला टिकाऊ जागा शोधून देणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीही तो उभा राहिला पाहिजे.

दुसरा स्तर व्यवसाय कराचा असावा, आणि या लेखाचा मुख्य आग्रह येथे आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर जो कर बसवला तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी होता. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि या करातून येईल तितकीच भर राज्याने आपल्याकडून घालावी, असे ठरले. ज्याला काम मिळाले आहे त्याने ज्याला मिळालेले नाही त्याच्या कामासाठी वाटा द्यावा, हे तत्त्व महाराष्ट्राने इतर राज्यांच्या कितीतरी आधी मान्य केले. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची कमाल मर्यादा प्रतिव्यक्ती वर्षाला २,५०० रुपये ठरवली आहे. यातील केवळ विसावा हिस्सा व्यावसायिकांच्या सेवायोजनासाठी राखून ठेवला तर पूर्ण कर भरणाऱ्या नोकरदारामागे वर्षाला १२५ रुपये या कामी येतील. नोकरीत असलेल्या परिचारिकेने, अभियंत्याने, स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने आपल्याच व्यवसायात येऊ पाहणाऱ्यासाठी दिलेला हा वाटा असेल, आणि त्यामुळे नवा कर बसवावा लागणार नाही.

तिसरा स्तर जिल्हा नियोजन समितीचा असावा. गावोगावी नोंदणी शिबिरे घेणे, सेलू, आर्वी, हिंगणघाट येथे महिन्यातून ठरलेल्या दिवशी केंद्राचा अधिकारी बसवणे, बुटीबोरी जवळ असली तरी ती नागपूर जिल्ह्यात मोडत असल्याने तेथील मालकांशी दोन्ही जिल्ह्यांच्या केंद्रांनी मिळून संपर्क ठेवणे, अशा स्थानिक कामांसाठी हा निधी वापरावा. मालकांकडून शुल्क घ्यावेच वाटले तर ते त्यांच्या आवारात स्वतंत्र निवडचाचणी घेण्यासारख्या जादा सेवेपुरते असावे आणि ते केंद्राकडे न राहता तिजोरीत जमा व्हावे, म्हणजे केंद्राला मोठ्या मालकाचे मिंधे व्हावे लागणार नाही.

संभाव्य आक्षेपांची उत्तरे

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की व्यवसाय कर रोजगार हमीसाठी आहे. अकुशल मजुराच्या हक्काचा पैसा पदवीधराकडे वळवणे अन्याय्य ठरेल. हा आक्षेप गंभीर आहे, आणि म्हणूनच हमीचा पहिला हक्क अबाधित ठेवून विसाव्या हिश्शाची मर्यादा सुचवली आहे. तेवढ्यासाठीही कायद्यात स्पष्ट दुरुस्ती करावी लागेल, प्रशासकीय आदेशाने पैसा वळवता येणार नाही. शिवाय हे दोन वर्ग वाटतात तितके वेगळे नाहीत. केळझरमध्ये हमीच्या कामावर गेलेल्या आईबापांच्या मजुरीतूनच पुष्कळदा मुलांचे पदविका शिक्षण झालेले असते, आणि त्या मुलाला योग्य नोकरी मिळणे म्हणजे त्या घराची हमीवरील भिस्त कमी होणे होय. पदवीधराला नोकरीची हमी मागितली जात नाही. खरी माहिती, तपासलेली जागा आणि निःशुल्क मध्यस्थी इतकीच हमी मागितली जाते.

दुसरा आक्षेप असा की सार्वजनिक पैसा मिळाला म्हणजे आळसही मिळतो, आणि जुन्या कार्यालयांचा अनुभव त्याची साक्ष देतो. त्यावरचा उपाय निधी काढून घेण्यात नाही, निधीला उत्तरदायित्व जोडण्यात आहे. केंद्राने किती नावे नोंदवली यावरून त्याचे काम मोजू नये. किती जागा स्वतः जाऊन तपासल्या, किती उमेदवार लागले आणि त्यांतील किती सहा महिन्यांनंतरही त्या जागेवर होते, हे आकडे तालुकावार दरवर्षी जाहीर व्हावेत आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवले जावेत. जागा न कळवणाऱ्या मालकाच्या दंडाची रक्कम परिणामकारक करावी, आणि शासकीय विभागांनी आपल्या भरतीपरीक्षेचा खर्च आपल्याच अंदाजपत्रकातून करावा. मालकाने खर्च सोसावा हे तत्त्व प्रतिपक्षालाही मान्य आहे. ते सर्वांत आधी राज्यातील सर्वांत मोठ्या मालकाला, म्हणजे शासनाला, लागू होते.

निष्कर्ष

तीन पूर्वपक्षांपैकी पहिला सेवेच्या अपयशाचे कारण आणि परिणाम यांची गल्लत करतो, दुसरा राज्याची गरज उमेदवाराच्या अंगावर टाकतो, आणि तिसरा सार्वजनिक कर्तव्याला व्यापाराचे नियम लावतो. सेवायोजन मोफत ठेवण्याचे वचन देशाने १९५९ पासून दिलेले आहे आणि काम असलेल्याने काम नसलेल्यासाठी वाटा देण्याचे तत्त्व राज्याने १९७५ पासून स्वीकारलेले आहे. या दोहोंची सांगड घालून व्यवसाय कराच्या कायद्यात दुरुस्ती करणे आणि भरतीशुल्क रद्द करणे, हा विधिमंडळापुढील सरळ मार्ग आहे. तो स्वीकारायचा नसेल तर शासनाने निदान इतके तरी सांगावे की बुटीबोरी आणि सेवाग्राम यांच्या मध्ये राहणाऱ्या शिकलेल्या मुलाला तेथील रिकामी जागा कळवण्याचे काम आता कोणाचे आहे, आणि त्याचे पैसे त्यानेच का द्यावेत.